गोलपोस्टाखालचा पेंढा

एप्रिल लागला की वाशीच्या फळबाजाराकडून येणारा वारा बदलतो. कोपरखैरण्याकडे वळणाऱ्या रस्त्यावर टेम्पो उभे असतात, त्यांच्या फळ्यांमधून पेंढा लोंबत असतो आणि हापूसच्या वासाने माणसं नाक वर करून चालतात. माझं तसं होत नाही. मला आंब्याच्या आधी पेंढ्याचा वास येतो. वाळलेला, जरा धुळकट, जरासा गोड. तो आला की माझे खांदे आपोआप खाली येतात आणि तोंडातून हुश्श निघतं. परवा रिक्षात बसले होते, तेव्हाही निघालं. रिक्षावाल्याने आरशातून बघत विचारलं, "काय मॅडम, काय टेन्शन आहे का?" त्याला काय सांगणार? टेन्शन होतं, पण ते नव्वदच्या दशकात होतं. ते संपलं त्याचाच हा वास आहे.

माझा नवरा सुभाष तेव्हा गोलकीपर होता. नुसता गल्लीतला नाही, पगारी. देशात क्लबांची लीग नुकतीच कुठे बाळसं धरत होती, आणि आमच्या क्लबचं नाव मालकाच्या कंपनीसकट इतकं लांबलचक होतं की आम्ही त्याला नुसतं क्लबच म्हणायचो. सासरे, म्हणजे आबा, साताऱ्याकडचे. फळबाजारात माथाडी, आपल्या टोळीचे मुकादम. बाजार मुंबईहून वाशीला आला तसं आमचं घरही कोपरखैरण्याच्या दोन खोल्यांत आलं. आबांच्या गावाला कुस्ती कळायची, कबड्डी कळायची. फुटबॉल कळत नव्हता. कोणी विचारलं की आबा सांगायचे, "पोरगं बॉल अडवतंय. त्याचाच पगार देत्यात त्याला." हे सांगताना त्यांच्या चेहऱ्यावर एकाच वेळी अभिमान आणि संशय दोन्ही असायचे. मलाही लग्नानंतर वर्षभर तसंच वाटायचं. एवढी माणसं पळतात, आणि आमचा तेवढा एका जागी उभा.

एका जागी उभ्या असलेल्या माणसालाच जास्त लागतं, हे मला नंतर कळलं. आदल्या मोसमात बाहेरगावच्या एका सामन्यात सुभाष डावीकडे झेपावला आणि त्याचा डावा खांदा निखळला. तो बसवला, बांधला, व्यायाम झाले. डॉक्टरांनी खेळायला परवानगी दिली, पण माझ्याकडे बघून सांगितलं की कडक जमिनीवर पुन्हा याच खांद्यावर जोरात पडला, तर शस्त्रक्रियेशिवाय इलाज नाही, आणि त्यानंतर हात डोक्याच्या वर जाईलच असं नाही. डॉक्टर असलं काही बायकांकडे बघूनच का सांगतात, कोण जाणे. सुभाषने बाहेर आल्यावर विचारलं, "चहा घ्यायचा का?" मी म्हटलं, "अहो, नका ना खेळू." तो म्हणाला, "एवढा मोसम होऊ दे, मंगल. या वेळी प्लेऑफला जातोय आपण." आपण म्हणाला. त्या एका शब्दावर मी चहाला हो म्हटलं.

दुखतं का, असं विचारलं की तो नाही म्हणायचा. गोलकीपर लोक पक्के असतात, चेहऱ्यावरची रेघ हलू देत नाहीत. म्हणून मी माझी एक तपासणी शोधली. स्वयंपाकघरात ओट्यावर एक उंच फळी होती. तिच्या डाव्या टोकाला मी स्टीलचा मोठा डबा ठेवला. उजव्या बाजूला भिंत आणि मधे सिलिंडर, त्यामुळे तो काढायचा तर भिंतीला खेटून उभं राहून डावाच हात लांबवावा लागायचा. सामन्याहून तो घरी आला, हातपाय धुऊन झाले की मी कणीक मळता मळता सहज आवाजात म्हणायचे, "अहो, तो वरचा डबा काढून द्या ना." मग परातीत बघितल्यासारखं करून त्याचा हात बघायचा. कोपर सरळ होतं का, वर जाताना ओठ आवळतात का, डबा खाली येताना मधेच थांबतो का. कधी थांबायचा. त्या रात्री पोळ्या वातड व्हायच्या. नीट खाली आला की जीव भांड्यात पडला म्हणतात तसं व्हायचं, माझा आपला डब्यात पडायचा.

लीगचं मला काही वाटायचं नाही. लीग संसारासारखी असते. आज हरलं, पुढच्या आठवड्यात भरून काढलं. एकदा आमटी खारट झाली म्हणून कोणी घर सोडत नाही. गुणांचा तक्ता हळूहळू वर-खाली होतो, माणसाला सवय होते. प्लेऑफ तसा नाही. वरचे चार संघ उरतात, एकमेकांच्या गावी जाऊन एकेक सामना खेळतात, आणि दोन्ही मिळून जो हरला तो घरी. सगळं वर्ष त्या दोन दुपारांत येऊन बसतं. सुभाषला त्याचंच वेड होतं. तो म्हणायचा, लीगमध्ये कीपरला कोणी बघत नाही, प्लेऑफमध्ये फक्त कीपरलाच बघतात. मी मनात म्हणायचे, मी दोन्हीकडे तुमच्या खांद्यालाच बघते.

पहिला सामना त्यांच्या गावी झाला. गोलच झाला नाही, ना त्यांचा ना आपला. सुभाष परत आला, डबा खाली आला, पण मधे थांबून आला. दुसरा सामना आपल्याकडे. मुंबईतलं मोठं मैदान त्या आठवड्यात मिळालं नाही, म्हणून तो क्लबच्या सरावाच्या मैदानावर ठरला, बाजारापासून चालत जाण्याइतक्या अंतरावर. हे ऐकून शेजारीपाजारी आनंदले. मी मात्र धसकले. ते मैदान खाडीवर भराव टाकून केलेलं. पावसाळ्यात चिखल आणि एप्रिलमध्ये दगड. मधे थोडं गवत तरी होतं, गोलपोस्टाखाली तेही नाही. भेगाळलेली खारी माती, पाटा-वरवंट्याचा पाटा बरा इतकी कडक.

रात्री जेवताना मी हे बोलून गेले. सुभाष क्लबवरच होता. आबा भाकरी चुरत ऐकत होते. म्हणाले, "लई कडक हाय व्हय जमीन?"

"दगड आहे आबा नुसता."

"हं," म्हणाले आणि हात धुवायला उठले. आबांचं "हं" कशाचं आहे ते ओळखायला एक जन्म पुरला नसता.

दुसऱ्या दिवशी मी मैदानावर पोचले तेव्हा लाकडी बाकांवर अख्खी टोळी बसलेली. डोक्याला टॉवेल, कपाळावर घामाचे ओघळ, चेहरे मात्र लग्नघरातल्यासारखे. सकाळचा माल उतरवून सगळे तसेच आले होते. आबांनी सुभाषचा सामना त्याआधी कधी पाहिला नव्हता. सराव पाहिला होता, बाजारातून परतताना कुंपणाबाहेर उभं राहून. त्यांनी मला शेजारी जागा केली आणि बाजाराच्या बाजूच्या गोलपोस्टाकडे बोट दाखवलं.

"बघ पोरी. पडू दे आता कसा पडतोय त्यो."

मी बघितलं. गोलपोस्टाखालची माती काळीशार, ओली, मऊ दिसत होती, आणि तिच्यावर पेंढ्याच्या काड्या चिकटलेल्या. कडेला कुंपणापाशी पेंढ्याचा हा ढीग.

झालं होतं असं. पेटी उतरवताना खाली पेंढा टाकायचा, हा बाजाराचा रिवाज. हापूसला धक्का लागला तर सालीवर दिसत नाही, आत दिसतो, तोही चार दिवसांनी. आबांनी विचार केला, पोराचंही तसंच आहे. म्हणून सकाळी माल उतरल्यावर टोळीने टेम्पोभर पेंढा आणून गोलपोस्टाखाली पसरला. मैदानाची राखण करणारे हिराकाका जुन्या गावठाणातले. त्यांनी आधी आरडाओरडा केला, मग हकिगत ऐकून स्वतःच नळी जोडून दिली. "पानी मारा, पन बेतानं," ते म्हणाले होते, "खारी जमीन हाय. जास्ती झालं की लोन्यासारकी होते." टोळीने बेत पाळला नाही. प्रेमात बेत कोण पाळतं? दुपारी रेफ्री आले, त्यांनी कपाळाला हात लावला आणि पेंढा झाडून काढायला लावला. काड्या निघाल्या, ओल कुठून निघणार? दोन्ही संघांच्या कॅप्टनना त्यांनी जागा दाखवली, दोघांनी चालेल म्हणून मान हलवली, आणि सामना ठरल्या वेळी सुरू करायचं ठरलं.

हे सगळं ऐकून माझ्या डोळ्यांत पाणी आलं. सुभाषच्या खांद्याची काळजी मी एकटीच वाहते आहे, असं मी समजून चालले होते. इथे माणसं अख्खा टेम्पो वाहून आली होती. मी आबांचा हात धरणार, एवढ्यात माझं लक्ष दुसऱ्या गोलपोस्टाकडे गेलं.

तिथे काहीच नव्हतं. भेगा, धूळ आणि ऊन.

"आबा, आणि त्या बाजूला?"

"ती बाजू त्येंची. त्येंचं त्ये बघतील."

बाजारात गाळा ठरलेला असतो. या गाळ्यावर ही टोळी, त्या गाळ्यावर ती. बापाचा गाळा मुलाला, आणि दुसऱ्याच्या मालाला हात लावायचा नाही. सरावाला सुभाष रोज बाजाराच्याच बाजूला उभा असायचा, सकाळचं ऊन तिथे पाठीवर येतं म्हणून. तेव्हा तो गाळा सुभाषचा, यात टोळीला शंका घेण्यासारखं काही वाटलंच नाही. नाणं उडवून बाजू ठरते, हे त्यांच्या गावीही नव्हतं.

नाणं उडालं. त्यांच्या कॅप्टनने जिंकलं. त्याने एकदा इकडे पाहिलं, एकदा तिकडे पाहिलं, आणि मऊ मातीकडे बोट केलं. आपल्या कीपरला गादी मिळत असेल तर कोण सोडतो? सुभाष हातमोजे चढवत शांतपणे दगडाच्या बाजूला चालू लागला.

"आरं, त्यो तिकडं कशाला निघाला?" आबा उभे राहिले. "ए सुभाष! हिकडं! हिकडं!"

टोळी उठली. कोणी टॉवेल हलवले, कोणी शिट्ट्या मारल्या. सुभाषला वाटलं, आपलं स्वागत चाललंय. त्याने हात वर केला. उजवा. ते फक्त मला दिसलं.

पहिला अर्धा सामना मी बघितलाच नाही, असं म्हटलं तरी चालेल. बॉल सुभाषच्या बाजूला गेला की मी दिव्याच्या खांबाकडे बघायचे. त्या खांबावर एक कावळा होता आणि त्याची पिसं मला अजून आठवतात. इकडे आबांचं दुःख वेगळंच. "आमच्या पेंढ्यावर त्यो लोळतोय बघ," असं दर थोड्या वेळाने म्हणत. त्यांचा कीपर खरंच मजेत होता. एक-दोनदा तर गरज नसताना झेपावला. सुभाषने मात्र तेवढ्या वेळात अंग जमिनीला लावलं नाही. बॉल पायाने मारला, मुठीने उडवला, पुढे धावत जाऊन छातीवर घेतला. टोळीतला एक जण म्हणाला, "मुकादम, पोरगं हुशार हाय. पडतच न्हाई."

आणि मग हिराकाकांचं लोणी कामाला आलं. त्यांचा कीपर बॉल दूर टोलवायला धावत आला, त्याचा टेकलेला पाय गेला सरकत, आणि बॉल पायाच्या टोकाला लागून आपल्या फॉरवर्डसमोर येऊन थांबला. अगदी ताटात वाढल्यासारखा. त्याने तो नुसता ढकलला. गोल. मैदान पेटलं. आमच्या बाकावर मात्र यात आपला हात किती, याचा हिशेब कोणालाच लागत नव्हता. "आपन पेंढा टाकला त्यो…" एकाने सुरुवात केली. आबा म्हणाले, "गप बस."

मध्यंतर झालं. खेळाडू पाणी पिऊन परत आले आणि सुभाष सरळ चालत बाजाराच्या बाजूला, आमच्या समोर, ओल्या मातीत येऊन उभा राहिला.

आबा बघतच राहिले. माझ्याकडे वळले. पुन्हा तिकडे. "म्हंजी बाजू बदलत्यात व्हय?"

"हो आबा. अर्ध्यात बदलतात."

"मग आधी सांगायचं न्हाई व्हय!" असे खेकसले आणि धपकन बसले. सुटकेने माणूस चिडतो, हे मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. मग त्यांनी टॉवेलने तोंड पुसलं आणि बराच वेळ पुसत राहिले. टोळीने असा जल्लोष केला की जणू परमुलखात अडकलेलं पोर घरी आलं.

माझा जीव मात्र अजून टांगलेलाच. जमीन मऊ होती, तशीच निसरडीही होती. त्यांचा कीपर आम्ही बघितला होता. सुभाषनेही बघितला होता. त्याने जाळीमागची कोरडी धूळ मुठींनी आणून पायाखाली टाकली, बुटाने दाबली, पुन्हा आणली. आणि डावीकडे तो कमी झेपावतो, हे सगळ्या लीगला एव्हाना कळलं होतं. शेवटी शेवटी ते लोक फक्त डावीकडेच मारत होते. एक बाहेरून गेला. एक आपल्याच खेळाडूला लागला. आणि मग एक आला, खालून, जोरात, डाव्या खांबाला घासून जाईल असा. त्या वेळी दिव्याच्या खांबाकडे बघायचं मला सुचलं नाही.

सुभाष झेपावला. डाव्या खांद्यावर. मातीवर आपटला नाही, घसरला. पेंढ्यावरून पेटी सरकते तसा, बॉल पोटाशी धरून, खांबापर्यंत. आणि तिथेच पडून राहिला.

मैदान ओरडत होतं. आबांचा हात माझ्या मनगटावर कधी आला, कळलं नाही. पेट्या उचलणाऱ्या हाताची पकड होती ती.

तो उठला. तोंडभर चिखल, केसांत पेंढ्याच्या काड्या. बॉल उजव्या हाताने फेकला. थोड्या वेळाने शिट्टी झाली. जिंकलो होतो. सगळे मैदानात धावले, टोळीही धावली. मी बाकावरच बसून राहिले.

मला नेहमी वाटतं, सुटकेला आपल्याकडे कोणी मान देत नाही. आनंद झाला की पेढे वाटतात, दुःख झालं की माणसं भेटायला येतात. सुटकेचं असं काहीच नाही. जे वाईट होणार होतं ते झालं नाही, हे कोणाला सांगायला जावं? सांगितलं तरी ऐकणारा म्हणतो, मग झालं तर. पण माझ्या आयुष्यातल्या बऱ्याच मोठ्या गोष्टी या अशाच, न झालेल्या आहेत. पुढच्या फेरीत क्लब हरला, तेही परगावी, आणि मला त्याचं खरंच काही वाटलं नाही. मोसम संपल्यावर सुभाष स्वतःहून थांबला. पुढे क्लबही राहिला नाही. मैदानाच्या जागी आता टॉवर आहेत, सोसायटीच्या गेटपाशी वॉचमन नाव विचारतो. आबा गेले, त्यालाही बरीच वर्षं झाली. सुभाष शाळेतल्या मुलींना गोलकीपिंग शिकवतो. मैदान कसलंही असो, आधी स्वतः चालत जातो आणि दोन्ही गोलपोस्टांखालची माती टाचेने दाबून बघतो. दोन्ही. मुली हसतात.

पण त्या दिवशीचं अजून राहिलं आहे.

तो उजेड असतानाच घरी आला. आबा टोळीसोबत मागेच थांबले होते. आंघोळ केली, तरी कानामागे एक काडी राहिलीच. मी कणीक मळायला घेतली. विचारायची हिंमतच होईना. हात वर गेला नाही तर? आज न विचारता सोडून द्यावं, उद्या बघू, असं मनाशी ठरवत होते. तेवढ्यात तो स्वयंपाकघरात आला. नेहमीसारखा भिंतीला खेटून फळीपाशी उभा राहिला. मी काहीच म्हटलं नव्हतं.

डावा हात वर गेला. कोपर सरळ. ओठ मोकळे. डबा मधे कुठेच न थांबता खाली आला. त्याने तो कानाशी नेऊन हलवला. आतून काहीच आवाज आला नाही, कारण त्यात कधी काही नव्हतंच.

"मंगल," तो म्हणाला, "आता तरी यात काहीतरी भर. वर्षभर रिकामा डबा काढून देतोय मी."

माझे हात कणकेत होते, डोळे पुसता येईनात. मी तशीच रडत राहिले, हसतही होते. मग मी सांगितलं नसताना त्याने तो डबा पुन्हा वर ठेवला. डाव्याच हाताने.